घोरणं, स्लीप ॲप्निया आणि रात्री तोंडात घालायचं डिव्हाइस: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी दातांची डॉक्टर, साताऱ्यात प्रॅक्टिस करते. स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबतो त्या आजारासाठी, जबड्याचं डिव्हाइस मिळतं हे कुणीतरी सांगितलेलं असतं आणि मग क्लिनिकमध्ये, फोनवर, लग्नात जेवणाच्या पंगतीतसुद्धा तेच तेच प्रश्न येतात. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढलंय. सावकाश वाचा, आणि घरात जो घोरतो त्यालाही वाचायला द्या.

घोरतोय म्हणजे गाढ झोप लागलीय ना?

नाही हो. "काय डाराडूर झोपलाय बघा" असं आपण कौतुकानं म्हणतो पण बऱ्याचदा तो माणूस झोपेत श्वासासाठी झगडत असतो. झोप लागली की घशातले स्नायू ढिले पडतात, जीभ मागं सरकते, पडजीभ आणि मऊ टाळू खाली येतात आणि हवेची वाट अरुंद होते. त्या फटीतून हवा जाताना सगळं थरथरतं, तो घोरण्याचा आवाज. ती वाटच पूर्ण मिटली आणि १० सेकंद किंवा जास्त वेळ हवा गेलीच नाही तर त्याला ॲप्निया म्हणतात. अर्धवट मिटली, हवा कमी झाली आणि त्यानं ऑक्सिजन उतरला किंवा मेंदू दचकला तर हायपोप्निया.

जवळ झोपणाऱ्याला हे दिसतं. घोरणं चालू असतं, मधेच एकदम शांत होतं, पोट आणि छाती हलतायत पण नाकातोंडातून हवाच नाही, आणि मग एक मोठा हिसका, घशातून घर्र आवाज आणि परत घोरणं सुरू. एका काकूंनी मला सांगितलं की त्या मोबाईलचा उजेड भिंतीवर पाडून काकांचं पोट बघत बसायच्या आणि मनात आकडे मोजायच्या, वीसच्या पुढं गेले की खांदा हलवायच्या. अशी चार वर्षं काढली त्यांनी. कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण घोरणं हा काय आजार आहे का, असंच घरात सगळ्यांना वाटत होतं.

मला ॲप्निया आहे की नुसतं घोरणं, हे कसं ओळखायचं?

लक्षणांवरून संशय येतो, पण खात्री टेस्टनंच होते. सकाळी उठल्यावर डोकं जड, तोंड कोरडं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, दुपारी मीटिंगमध्ये किंवा एसटीत बसल्या बसल्या डुलकी, तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात न येणं, चिडचिड, काही लक्षात न राहणं. गळ्याचा घेर ४० सेंटीमीटरच्या वर असेल, वजन जास्त असेल, वय पन्नाशीच्या पुढं असेल तर शक्यता वाढते. बायकांमध्ये बऱ्याचदा चित्र वेगळं असतं, घोरणं कमी आणि थकवा, झोपमोड, उदासपणा जास्त, म्हणून पाळी गेल्यानंतरच्या बायकांचं निदान फार उशिरा होतं. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यांना "कामाचा ताण असेल" म्हणून परत पाठवलेलं असतं.

टेस्ट दोन प्रकारची असते. एक लॅबमध्ये रात्रभर झोपून, डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरींसकट सगळं मोजतात. दुसरी घरी, बोटाला क्लिप, नाकात बारीक नळी आणि छातीला पट्टा. कुठली करायची ते छातीचे किंवा झोपेचे डॉक्टर ठरवतात. निदान दातांच्या डॉक्टरनं करायचं नसतं, मी पण करत नाही.

रिपोर्टमध्ये एएचआय लिहिलंय ते काय असतं?

तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा कमी झाला, तो आकडा. मोठ्या माणसांत ५ च्या आत नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. समजा २२ आलाय आणि तुम्ही ६ तास झोपलात तर रात्रीत १३२ वेळा. त्या आकड्याच्या शेजारी ऑक्सिजन कमीत कमी कितीवर गेला होता तेही लिहिलेलं असतं, ते पण बघा, आणि पाठीवर झोपल्यावरचा आणि कुशीवरचा आकडा वेगळा दिलाय का तेही. पाठीवर ३५ आणि कुशीवर ८ असे रिपोर्ट मी खूप बघते आणि अशा लोकांना डिव्हाइसचा फायदा होण्याची शक्यता जास्त असते.

हे डिव्हाइस नेमकं करतं काय?

आत्ता करून बघा. पाठीवर झोपा आणि मुद्दाम घोरल्यासारखा आवाज काढा. आता खालचा जबडा पुढं काढा, खालचे दात वरच्या दातांच्या पुढं येतील इतका, आणि तसाच आवाज काढायचा प्रयत्न करा. बऱ्याच जणांना जमत नाही किंवा आवाज एकदम बारीक होतो. डिव्हाइस रात्रभर हेच करतं. वरच्या दातांवर एक साचा, खालच्या दातांवर एक साचा, आणि दोघांना जोडणारी अशी रचना की खालचा जबडा पुढंच राहतो, मागं पडत नाही. जीभ खालच्या जबड्याला आतून जोडलेली असते म्हणून तीही पुढं येते, टाळूच्या बाजूचे स्नायू ताणले जातात आणि घसा रुंद होतो, विशेष म्हणजे आडवा जास्त रुंद होतो. ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञ पेशंटचा जबडा दोन्ही हातांनी पुढं उचलून धरतात ना, तेच तत्त्व.

सीपॅप मशीन चांगलं का हे?

याचं उत्तर एका शब्दात देणारा माणूस भेटला तर जरा सावध राहा. सीपॅप म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, ऑस्ट्रेलियात सिडनीला कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते पहिल्यांदा मांडलं. एएचआय खाली आणण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. पण ते वापरलं तरच. रात्री दोन वाजता मास्क काढून उशाशी ठेवला की उरलेली रात्र विनाउपचार.

२०१३ मध्ये सिडनीच्याच एका अभ्यासात मध्यम आणि तीव्र ॲप्निया असलेल्या शंभरवर लोकांना एक महिना सीपॅप आणि एक महिना डिव्हाइस देऊन बघितलं. सीपॅपवर एएचआय सरासरी ५ च्या आसपास आला, डिव्हाइसवर ११ च्या आसपास. म्हणजे मशीन जिंकलं. पण लोकांनी सांगितलेला वापर मशीनचा साधारण ५ तास आणि डिव्हाइसचा साडेसहा तास, आणि महिन्यानंतर बीपी, दिवसाची झोप, गाडी चालवण्यातली सावधता बघितली तर दोन्ही साधारण सारखेच.

माझं मत असं की तीव्र ॲप्निया असेल, ऑक्सिजन फार उतरत असेल, हृदयाचा त्रास असेल तर आधी सीपॅप मनापासून वापरून बघा, मास्क बदलून बघा, दाब ॲडजस्ट करून घ्या. तरीही जमलंच नाही तर डिव्हाइस, कारण काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी बरं. सौम्य किंवा मध्यम असेल तर सुरुवातीलाच डिव्हाइस मागायचा तुम्हाला हक्क आहे. अमेरिकेतल्या झोपेच्या आणि दातांच्या डॉक्टरांच्या संघटनांनी २०१५ मध्ये मिळून जी गाइडलाइन काढली तिच्यातही हेच आहे, ज्यांना सीपॅप सोसत नाही किंवा दुसरा पर्याय हवाय त्यांना डिव्हाइस द्यावं. आणि आपल्याकडं आणखी एक गोष्ट, वाडीवस्तीवर रात्री लाइट जाते, मशीन बंद पडतं. डिव्हाइसला लाइट लागत नाही, वारीला जाताना पिशवीत टाकून नेता येतं. काही जण घरी मशीन आणि प्रवासात डिव्हाइस असं दोन्ही वापरतात, तेही चालतं.

मला बसेल का? कुणाला देत नाही?

दात हवेत. वर आणि खाली निदान आठ-दहा घट्ट दात लागतात कारण रात्रभर सगळा ताण त्यांच्यावर येतो. हिरड्यांचा आजार असेल, दात हलत असतील, किडलेली दाढ असेल तर आधी ते बरं करायचं. जबडा पुढं किती येतो ते मोजतो, पाच-सहा मिलिमीटरसुद्धा येत नसेल तर फायदा कमी. जबड्याच्या सांध्यात खूप दुखत असेल, तोंड उघडताना अडकत असेल तर थांबायचं. मेंदूकडूनच श्वासाचा सिग्नल कमी येतो तो सेंट्रल ॲप्निया असेल तर हे उपयोगाचं नाही.

आणि गुटखा. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे पण माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांच्या तोंडात तो रोज दिसतो. गुटखा-सुपारीनं गालाची आतली कातडी पांढरी, ताठ होते, तोंड उघडणं कमी कमी होत जातं. साधारण तीन बोटं उभी आत जायला हवीत, यांची एक किंवा दीड जातात. माप घ्यायचा ट्रेच आत जात नाही तर डिव्हाइस कसं जाणार. पस्तिशीचा माणूस, ॲप्निया आहे, सीपॅप नको म्हणतो आणि मला हात वर करावे लागतात, याच्यासारखं दुःख नाही. त्यात ही तोंडाची अवस्था पुढं कॅन्सरकडं जाऊ शकते. सुपारी आजच सोडा आणि तोंड तपासून घ्या, डिव्हाइस हा नंतरचा विषय.

पूर्ण कवळी आहे, मग?

जबडा पुढं ओढणारं डिव्हाइस कवळीवर टिकत नाही. जीभ पुढं धरून ठेवणारा मऊ फुगा असलेला प्रकार मिळतो, त्यात जीभ चोखून आत धरायची, पण त्याची सवय व्हायला वेळ लागतो आणि सगळ्यांना जमत नाही. इम्प्लांट असतील तर बघता येतं. नाहीतर सीपॅप.

ऑनलाइन मिळतं ते गरम पाण्यात टाकून चावायचं, ते घेऊ का?

नको. त्यात जबडा किती पुढं न्यायचा हे अंदाजानं ठरतं, थोडं थोडं पुढं सरकवायची सोय एकतर नसते किंवा ढोबळ असते, रात्री निसटतं, दातांवर सारखा दाब पडत नाही. आणि मोठा धोका म्हणजे ते घेणाऱ्यानं टेस्टच केलेली नसते. आवाज कमी होतो, घरचे खूश होतात आणि आतला आजार तसाच.

बनवायला किती वेळा यावं लागतं?

पहिल्यांदा तपासणी, एक्स-रे, दातांचं माप किंवा स्कॅन, आणि जबडा पुढं-मागं किती जातो ते पट्टीच्या गेजनं मोजणं. समजा पूर्ण मागं ते पूर्ण पुढं १० मिलिमीटर जातोय तर सुरुवात त्याच्या ५० ते ७० टक्क्यांवर, म्हणजे ५ ते ७ मिलिमीटरवर करतो. लॅबमधून आलं की बसवायची भेट. मग घरी तुम्ही स्वतः हळूहळू पुढं नेता.

इथं एक बारीक गोष्ट सांगते. स्क्रूच्या प्रकारात दोन्ही बाजूला बारीक स्क्रू असतात, त्याला तारेची छोटी चावी. भोकात चावी घालून बाणाच्या दिशेनं एक वेढा दिला की बऱ्याच डिव्हाइसमध्ये पाव मिलिमीटर पुढं. दोन्ही बाजूला सारखेच वेढे द्यायचे, उजवीकडं दोन आणि डावीकडं एक झालं की सकाळी एकाच कानाच्या पुढं दुखतं. म्हणून मी पेशंटला समोर बसवून स्वतःच्या हातानं फिरवायला लावते आणि कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत खूण करायला सांगते. चावी हरवते, तेव्हा ती स्वयंपाकघरात नको, डिव्हाइसच्या डबीतच ठेवा. घोरणं आणि दिवसाची झोप कमी झाली किंवा जबडा दुखायला लागला की थांबायचं आणि मला फोन करायचा. दोन-तीन महिने यात जातात, घाई करू नका.

पहिले दिवस कसे जातात?

लाळ खूप येते, उशी भिजते. काहींचं उलट, तोंड कोरडं पडतं. दात शिवशिवतात, गालाचे स्नायू आखडतात. हे बहुतेकांचं आठवड्या-दोन आठवड्यात कमी होतं. पहिल्या दोन-तीन संध्याकाळी टीव्ही बघताना तासभर घालून बसा, मग रात्री घाला, एकदम आठ तासांचा हट्ट नको. एखादा दात खरंच ठणकत असेल तर सहन करत बसू नका, साचा तिथं घट्ट असेल, पाच मिनिटांत घासून मोकळा करता येतो.

सकाळी उठल्यावर दाढा एकमेकांना टेकत नाहीत, घाबरू का?

नको. रात्रभर जबडा पुढं होता, सांधा आणि स्नायू जागेवर यायला अर्धा-एक तास लागतो. नाष्ट्याला पोळीचा तुकडा तुटत नाही, समोरचे दात आधी भिडतात, असं सगळेच सांगतात. यासाठी सकाळी चावायला एक छोटी पट्टी करून देतो, ती चावून जबडा मागं बसवायचा, किंवा कडक च्युइंगम मागच्या दाढांनी चावायचं. दुपारपर्यंतही जागेवर येत नसेल तर दाखवायला या.

दात कायमचे सरकतात हे खरं आहे का?

खरं आहे आणि हे आधी सांगायला हवं, म्हणून मी सही घेताना मोठ्यानं वाचून दाखवते. वर्षानुवर्षं वापरलं की वरचे पुढचे दात किंचित आत, खालचे किंचित बाहेर जातात, वरचे दात खालच्यांच्या पुढं असायचे ते अंतर मिलिमीटर-दोन मिलिमीटरनं कमी होतं, कधी दाढांमध्ये फट पडते. बऱ्याच पेशंटना ते कळतही नाही. काहींना खुपतं. ज्यांचे वरचे दात आधीच खूप पुढं आहेत त्यांना उलट बरंच वाटतं. सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी दाखवायला यायचं, जुन्या मापाशी ताडून बघतो. बदल जास्त झालाच तर बसून ठरवायचं, चालू ठेवायचं की सीपॅपवर जायचं. दातांचा मिलिमीटर आणि रात्रीचा ऑक्सिजन यात मी बहुतेक वेळा ऑक्सिजनची बाजू घेते, पण दात तुमचे आहेत, निर्णय तुमचा.

घोरणं थांबलं. आता परत टेस्ट कशाला, उगाच खर्च?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याच्यावरच मी सगळ्यात जास्त वाद घालते.

सुरुवातीच्या काळात माझे एक पेशंट होते, घाटात गाडी चालवणारे. एएचआय ३४. डिव्हाइस बसवलं, दोन महिन्यांत घोरणं बंद, त्यांच्या घरच्यांनी पेढे आणून दिले, मीही खूश. परत टेस्ट करा म्हटलं तर ते म्हणाले मॅडम आता काय गरज, आवाजच नाही. मीही रेटलं नाही. पाच महिन्यांनी खंबाटकी घाटात त्यांचा डोळा लागला, गाडी कठड्याला घासून थांबली, नशीब बलवत्तर म्हणून कुणाला काही झालं नाही. तेव्हा टेस्ट केली, डिव्हाइस घालून एएचआय १९. आवाज गेला होता, श्वास थांबणं नव्हतं गेलं. मग आणखी दीड मिलिमीटर पुढं नेलं, कुशीवर झोपायची सवय लावली, तिसऱ्या टेस्टला ७ आला.

घोरणं हा थरथरण्याचा आवाज आहे. वाट थोडी मोकळी झाली की थरथर थांबते पण वाट मिटणं राहू शकतं. साधारण तीनातल्या एका माणसाला डिव्हाइसचा पुरेसा फायदा होत नाही, आणि तो एक आपण आहोत का हे आरशात बघून कळत नाही, बायकोला विचारून कळत नाही. डिव्हाइस तोंडात घालून, सेटिंग पक्कं झाल्यावर, परत टेस्ट. आता मी डिव्हाइस देतानाच ही टेस्ट कबूल करून घेते, जो नको म्हणतो त्याला समजावत बसते, पेढे नंतर.

ड्रायव्हिंग चालू ठेवू का?

गाडी चालवताना डोळा लागत असेल तर उपचार लागू पडल्याचं टेस्टमध्ये दिसेपर्यंत नाही. एसटी, ट्रक, स्कूलबस चालवत असाल तर अजिबात नाही.

वजन कमी केलं की हे सगळं सुटेल का?

बऱ्याच जणांचं खूप कमी होतं, काहींचं पूर्ण जातं, काहींचं राहतं, कारण त्यांचा जबडाच लहान आणि मागं असतो. बारीक माणसालाही ॲप्निया होतो, आपल्याकडं असे पुष्कळ आहेत. टिर्झेपटाइड या वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी मान्यता मिळाली, पण ते फिजिशियनच्या सल्ल्यानंच, मैत्रिणीनं घेतलं म्हणून नाही. रात्री दारू आणि झोपेच्या गोळ्या बंद, त्यानं घसा आणखी ढिला पडतो. कुशीवर झोपा. शंख फुंकण्याबद्दल विचारतात, जयपूरला ३० लोकांवर एक छोटा अभ्यास झालाय, २०२५ मध्ये छापून आला, रोजच्या सरावानं फायदा दिसला. फुंका जरूर, पण त्याच्या भरवशावर उपचार सोडू नका.

सर्दी झाली, नाक बंद आहे, तरी घालू का?

एक-दोन रात्री नाही घातलं तरी चालेल. पण नाक कायमच बंद असेल, हाड वाकडं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना आधी दाखवा, नाक मोकळं नसेल तर डिव्हाइस नीट काम करत नाही.

मुलगा सहा वर्षांचा आहे, घोरतो. त्याला देता का?

नाही. मुलांमध्ये बहुतेकदा टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) वाढलेले असतात, तेही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाच दाखवायचं. आणि मुलं झोपाळू दिसत नाहीत, उलट वर्गात चंचल होतात, हे शिक्षकांनाही सांगा.

साफ कसं करायचं? किती वर्षं टिकतं?

सकाळी काढलं की लगेच साध्या गार पाण्याखाली मऊ ब्रशनं, हातधुण्याचा सौम्य साबण चालतो. टूथपेस्ट नको, चरे पडतात. उकळतं पाणी तर नकोच, वाकडं होतं, एकदा एका आजींनी प्रेमानं दुधाच्या पातेल्यात उकळून दिलं होतं नातवाच्या बाबांचं. कोरडं करून डबीत ठेवा. घरात कुत्रा असेल तर डबी उंचावर, त्यांना त्याचा वास फार आवडतो. नीट वापरलं तर तीन ते पाच वर्षं टिकतं. रात्री दात खात असाल तर लवकर झिजतं. नवीन कॅप किंवा फिलिंग करायच्या आधी डॉक्टरांना डिव्हाइस दाखवा, नाहीतर दाताचा आकार बदलतो आणि ते बसतच नाही.

पैसे ठरवताना कागदावर लिहून घ्या की त्यात काय काय आलं: पुढं सरकवायच्या भेटी, दुरुस्ती, दुसरी टेस्ट धरलीय की वेगळी.

पहिल्या भेटीला काय आणू?

टेस्टचा पूर्ण रिपोर्ट, नुसतं पहिलं पान नाही. चालू गोळ्यांची यादी. दातांचे जुने एक्स-रे, कवळी किंवा नाइट गार्ड असेल तर ते. आणि रात्री त्याच खोलीत जे झोपतात त्यांना आणा, बायको, नवरा, आई, होस्टेलचा रूममेट, कुणीही. तुम्ही झोपलेले असता, जागं तर ते असतात, त्यांच्याशी मी आधी दहा मिनिटं बोलते.